शी धरून ठेवणारं मूल आणि खराब होणाऱ्या चड्ड्या: पॉटी ट्रेनिंग चालू ठेवावं की थांबवावं, आहार पुरे की औषध हवं?

शू करायला मूल आपणहून पॉटीवर जातं, पण शी आली की पडद्यामागे जाऊन टाचा उचलून उभं राहतं, पाय एकमेकांत आवळतं, लालबुंद होतं. दोन-तीन दिवस शी होतच नाही, आणि मधल्या वेळात चड्डीला पातळसर डाग मात्र सारखे लागत राहतात. मग घरात मतं फुटतात. एकाला वाटतं नेटाने बसवत राहिलं की सवय लागेल, दुसऱ्याला वाटतं लहान आहे, डायपर घालून सोडून द्यावं. औषधाचा विषय निघाला की एवढ्याशा जिवाला सवय लागेल ही भीती असतेच. हे सगळे पर्याय खाली शेजारी शेजारी मांडले आहेत. माझा कल लपवत नाही: शी दुखत असेल तर आधी ती मऊ करायची, शिकवणं त्यानंतर.

आधी हे ओळखा: जुलाब की अडकलेली शी?

पुढचे सगळे निर्णय यावर उभे आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

एकदा कडक शी झाली, दुखलं, कधी चिरही पडली, की मूल पुढच्या वेळी कळ आली की ती दाबतं. आपल्याला वाटतं ते कुंथतंय. प्रत्यक्षात ते आत ओढून धरत असतं. जितका वेळ शी आत राहते तितकं मोठं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक आणि जाड होते, पुढच्या वेळी आणखी दुखते. असं आठवडेच्या आठवडे चाललं की गुदाशय (मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग) ताणून सैल होतो आणि भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मग वरून येणारी पातळ शी त्या अडकलेल्या गोळ्याच्या बाजूने झिरपून चड्डीत उतरते. हे होताना मुलाला खरोखर कळत नाही. वाससुद्धा त्याला जाणवेनासा होतो. ‘मुद्दाम करतो’, ‘आळस करते’ असं म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे, आणि मला ते फार लागतं.

साध्या जुलाबात शी वारंवार आणि भरपूर पातळ होते, आधी कडक शीचा इतिहास नसतो. अडकलेल्या शीत डाग थोडे थोडे आणि दिवसातून अनेकदा लागतात, मध्येच एखादी प्रचंड जाड शी होते, पोट फुगलेलं असतं, भूक मंदावते आणि मोठी शी झाली की मूल एकदम खुलतं. भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाबतो, त्यामुळे बंद झालेली शूची गळतीही परत सुरू होऊ शकते. या दोहोंत गल्लत करून पातळ डागांवर जुलाब बांधणारं औषध दिलं तर अडकण वाढते.

ठरवायला एक ढोबळ माप आहे. ४ वर्षांच्या आतल्या मुलात पुढच्यांपैकी किमान दोन गोष्टी महिनाभर दिसल्या तर डॉक्टर बद्धकोष्ठता मानतात: आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून कमी शी, धरून ठेवण्याची सवय, दुखरी किंवा कडक शी, खूप जाड शी, गुदाशयात साठलेला गोळा. पॉटीची सवय झालेल्या मुलाची चड्डी आठवड्यातून एकदा तरी खराब होणं हेही त्यात धरतात. सोबत ब्रिस्टल तक्ता वापरा. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या तक्त्यात शीचे ७ प्रकार चित्रांसह आहेत. पहिला म्हणजे सुट्या लेंड्या, दुसरा गाठाळ आणि कडक, चौथा मऊ आणि गुळगुळीत. आठवडाभर रोजचा प्रकार लिहून ठेवलेला कागद दवाखान्यात तोंडी वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

ट्रेनिंग चालू ठेवणं विरुद्ध थांबवणं

चालू ठेवण्याच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: शू जमली आहे, ती सवय मोडू नये. शी मऊ होत असेल, मूल पॉटीवर बसायला तयार असेल आणि अपघात अधूनमधून होत असतील, तर थांबायचं कारण नाही. सगळ्या मुलांना शू आणि शी एकाच वेळी जमत नाही. अमेरिकेत ४८२ मुलांवर झालेल्या १९९७ च्या एका अभ्यासात साधारण पाचातलं एक मूल शू पॉटीत करूनही शीसाठी पॉटी नाकारत होतं. म्हणजे तुमचं मूल जगावेगळं नाही.

पण शी कडक आहे, मूल पॉटी पाहून रडतं, धरून ठेवतं, अशा वेळी रोज बसवण्याचा आग्रह नुकसानच करतो. मुलाच्या मनात दुखणं आणि पॉटी यांची गाठ पक्की होते. यातल्या क्रमावरही संशोधन झालं आहे: शीसाठी पॉटी नाकारणाऱ्या बहुतेक मुलांत बद्धकोष्ठता आधी आलेली असते, नकार मागून येतो. मूळ आधी बरं करायचं ते यासाठी. काही आठवडे डायपर परत घातल्याने ट्रेनिंग वाया जात नाही. त्या काळात डायपरमध्ये का होईना, न दुखता झालेली प्रत्येक शी मुलाची भीती थोडी कमी करते.

या दोन टोकांच्या मधला रस्ता मला सगळ्यात जास्त पटतो. शू नेहमीप्रमाणे पॉटीत होऊ द्या. शीसाठी मूल डायपर मागत असेल तर द्या, नाकारू नका, कारण डायपर नाकारला की मूल आणखी धरून ठेवतं. फक्त जागा बदला. आधी डायपर घालून शी बाथरूममध्येच करायची. ते जमलं की डायपर घालूनच पॉटीवर बसायचं. मग डायपर सैल बांधायचा, आणि शेवटी तो पॉटीत अंथरायचा. एका पायरीवर किती दिवस राहायचं ते मुलाला ठरवू द्या.

फक्त आहार विरुद्ध आहारासोबत औषध

बहुतेक आईवडील इथेच महिनोन्‌महिने अडकतात.

आहार बदलून पाहणं सोपं वाटतं आणि त्यात भीती नसते. शी नुकतीच थोडी कडक होऊ लागली असेल, मूल अजून धरून ठेवत नसेल, तर तेवढ्याने भागूही शकतं. फळं, भाज्या, डाळी, अख्खी धान्यं वाढवा. दिवसाला तंतुमय पदार्थ किती, याचा एक सोपा आडाखा वयात ५ मिळवण्याचा आहे: ३ वर्षांच्या मुलाला साधारण ८ ग्रॅम. दुधाकडे जरूर पाहा. दिवसभर दुधावरच पोट भरणारं मूल बाकीचं खातच नाही. दूध अर्ध्या लिटरच्या आसपास आणलं की जेवणाला जागा होते.

मात्र धरून ठेवणं सुरू झालं असेल, डाग लागत असतील, तर केवळ आहारावर विसंबू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत सरळ म्हटलं आहे की बद्धकोष्ठतेवर पहिला उपचार म्हणून नुसता आहारबदल वापरू नये. गरजेपेक्षा जास्त तंतू किंवा जास्त पाणी दिल्याने जुनी बद्धकोष्ठता सुटते असंही दिसत नाही. आत गोळा अडकलेला असताना कोंड्याचा मारा केला तर पोट आणखी फुगतं. वाहतुकीने तुंबलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडाव्यात तसं ते होतं.

आता सवयीची भीती. पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि लॅक्टुलोज ही औषधं आतड्याला ढकलत नाहीत, शीत पाणी धरून ठेवतात. आतडं त्यांच्यामुळे आळशी होत नाही. महिनोन्‌महिने शी अडकून गुदाशय ताणला जाणं हे जास्त चिंतेचं आहे.

कोणतं औषध, आणि कुठून

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१४ साली मिळून जी शिफारस केली तिच्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉलला पहिली पसंती आहे. ते शरीरात जवळजवळ शोषलं जात नाही, आणि साधी पावडर पाण्यात विरघळल्यावर फारशी चव लागत नाही. लॅक्टुलोज गोड सिरप आहे, अगदी लहान बाळांनाही देता येतं, पण आतड्यातले जिवाणू ते आंबवतात, त्यामुळे गॅस आणि पोटदुखी जास्त होते. पहिलं मिळत असेल तर मी पहिलंच निवडेन.

एनिमा (गुदद्वारातून आत सोडलेलं औषध) आणि तोंडाने दिलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल दोन्ही अडकलेला गोळा मोकळा करू शकतात. आधीच मागच्या बाजूला हात लावू न देणाऱ्या घाबरलेल्या मुलासाठी तोंडाचा मार्ग कितीतरी बरा. एनिमा घरच्या घरी, स्वतःच्या मनाने देऊ नका. फॉस्फेटचा एनिमा २ वर्षांखालच्या मुलांना धोकादायक ठरू शकतो. लिक्विड पॅराफिनही लहान मुलाला स्वतः देऊ नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

गोळा मोकळा करण्याचा डोस आणि नंतर रोजचा डोस वेगळे असतात. २०१४ च्या त्या शिफारशीत पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं प्रमाण पहिल्यासाठी किलोमागे दिवसाला १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस असं आहे, आणि नंतर सुरुवात किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅमपासून. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरच ठरवतील, पण फरक माहीत असावा. गोळा आत असतानाच रोजचा छोटा डोस सुरू केला तर डाग वाढतात आणि ‘औषधाने बिघडलं’ असं वाटून ते बंद केलं जातं.

पॉटी खुर्ची की कमोडवरची सीट

इथे फार विचार नको. पाय टेकलेले आणि गुडघे कंबरेपेक्षा थोडे वर असले पाहिजेत, म्हणजे गुदाशयाभोवतीचा स्नायू सैल पडतो. छोट्या पॉटी खुर्चीत हे आपोआप जमतं. कमोडवर सीट लावली तर पायाखाली पक्कं स्टूल हवंच. लोंबकळत्या पायांनी मूल आवळून बसतं. जेवणानंतर आतड्याची हालचाल वाढते, तेव्हा अर्ध्या तासाच्या आत ५ मिनिटं बसवा, हातात फुगा किंवा साबणाचे फुगे द्या. फुंकताना पोटावर नेमका हवा तेवढा दाब येतो.

बक्षीस द्यायचं तर बसल्याबद्दल द्या. शी होणं मुलाच्या हातात नसतं. शिक्षेला इथे जागाच नाही. ‘घाण’, ‘शीऽऽ’ असे शब्दही चड्डी बदलताना टाळा.

थेट डॉक्टरकडे कधी

जन्मानंतर पहिली शी ४८ तासांनंतर झाली होती, त्रास पहिल्या महिन्यापासूनच आहे, हिरवी उलटी होते, वजन वाढत नाही, शी रिबिनीसारखी बारीक होते, चिर दिसत नसतानाही रक्त पडतं, पाय अशक्त वाटतात किंवा पोट खूप फुगून घट्ट झालं आहे, यातलं काहीही असेल तर वरची तुलना बाजूला ठेवा. हिर्शस्प्रंगचा आजार (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच चेतापेशी नसणं), थायरॉइड, मज्जारज्जू यांची तपासणी आधी व्हायला हवी.

थांबवायचं कधी

शी मऊ होऊन चड्ड्या कोरड्या राहिल्या की औषध लगेच बंद करण्याचा मोह होतो, आणि सगळं परत येण्याचं हेच नेहमीचं कारण आहे. रोजचा डोस किमान २ महिने, त्यातला शेवटचा महिना पूर्ण बिनतक्रार, आणि मग हळूहळू कमी करणं असा क्रम आहे. मूल पॉटी शिकण्याच्या वयात असेल तर शी पॉटीत पक्की होईपर्यंत औषध थांबवायचंच नाही. विशेषतज्ज्ञांपर्यंत गेलेल्या मुलांपैकी साधारण निम्मीच ६ ते १२ महिन्यांत औषधाशिवाय बरी होतात, तेव्हा दोन महिन्यांत संपलं नाही म्हणून खचू नका. ताप, प्रवास, नवी शाळा, घरात आलेलं दुसरं बाळ यांपैकी काही झालं आणि मूल पुन्हा टाचांवर उभं राहताना दिसलं, तर डाग लागायची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून डोस पुन्हा सुरू करा.