स्टार ट्रॅकर: अकरा महिने वापरल्यावर

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता, तेव्हा सुप्याजवळ मावशीच्या शेतावर जाऊन मी त्याचे दोनशेवर फोटो काढले. साधी तिपाई आणि १३५ मिमीची लेन्स. शेपटी आली, पण एक्स्पोजर दोन-तीन सेकंदांच्या वर नेलं की प्रत्येक ताऱ्याची रेघ. ते तसं होणारच होतं. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं आणि या लेन्सवर माझ्या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये साडेसहा विकला मावतात. अर्धा सेकंद झाला की तारा शेजारच्या पिक्सेलवर. त्याच डिसेंबरात ट्रॅकर घेतला, म्हणजे आकाशाच्या चालीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. वेज (ट्रॅकर तिरका धरणारी बैठक), पोलर स्कोप (ध्रुवताऱ्यावर नेम धरायची छोटी दुर्बीण) आणि काउंटरवेट (कॅमेऱ्याचा तोल साधणारं वजन) धरून ४० हजारांच्या आसपास गेले.

आता अकरा महिने झालेत. धूमकेतूंसाठी घेतला होता आणि त्यासाठी तो पुरेपूर उपयोगी पडला. ग्रहणासाठी त्याची गरज निम्मी. ऑरोरासाठी, म्हणजे ध्रुवीय प्रकाशासाठी, अजिबात नाही. ऑरोराचे पडदे स्वतःच हलत असतात, पाच-दहा सेकंदांच्या फोटोला तिपाई भरपूर झाली. मावसभाऊ नॉर्वेला निघाला तेव्हा मी त्याला ट्रॅकर नेऊ दिला नाही, त्याऐवजी जास्तीच्या बॅटऱ्या न्यायला लावल्या.

यंत्र म्हणजे एक छोटी मोटर. ती कॅमेऱ्याला २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा या चालीने फिरवते, पृथ्वीच्या उलट. पण तिचा आस आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखलेला हवा, आणि आपल्याकडे खरी मेहनत तिथेच आहे. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ तेवढाच वर असतो जेवढा तुमचा अक्षांश. सुप्याला साधारण १८ अंश. सोबत आलेल्या पुस्तिकेतली सगळी चित्रं ४०-५० अंशांची होती. आपल्या अठरा अंशांवर ध्रुव धुरकट पट्ट्यात असतो, उसाचं पाचट पेटवलं असेल तर दिसतही नाही. पोलर स्कोप इतका आडवा होतो की तिपाई खाली असेल तर मातीत गुडघे टेकून मान वाकडी करावी लागते. आणि काउंटरवेट खाली आलं की तिपाईच्या पायाला अडतं. पहिले दोन महिने ते अडल्यावर मोटर कुरकुरायची आणि मला वाटायचं यंत्रच बिघडलं. तिपाई आणि वेज यांच्यामध्ये एक वीतभर उंचीचा दांडा बसवल्यावर हा त्रास गेला. मानही वाचली. ट्रॅकर घेताना हा दांडा त्याच खेपेला घ्या.

दुसरी तक्रार वेजच्या स्क्रूंची. ध्रुवतारा बरोबर जागेवर आणावा आणि स्क्रू आवळावा, की तो हटकून खाली सरकतो. म्हणून मी आता त्याला मुद्दाम थोडा वर ठेवते आणि मग आवळते, तो आवळताना आपसूक जागेवर येतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, त्यामुळे त्याला स्कोपच्या मधोमध आणायचं नसतं, कडेच्या वर्तुळावर त्या वेळेच्या जागी बसवायचं असतं. ती जागा मोबाईलवरचं ॲप दाखवतं. हे नीट जमलं तर १३५ मिमीवर एक मिनिट तारे गोल राहतात. दोन मिनिटांना माझे दहातले चार फोटो वाया जातात, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण मी पुण्यात गच्चीवरून केलं. खग्रास अवस्था रात्री अकरा ते बारा बावीस, पूर्ण ८२ मिनिटं, आणि डोक्यावर भाद्रपदातले ढग. खंडग्रास असेपर्यंत ट्रॅकर नसता तरी चाललं असतं, चंद्राचा उजळ भाग १/२५० सेकंदात येतो. चंद्र तांबूस झाला की मात्र एक-दोन सेकंद लागतात आणि ४०० मिमीच्या लेन्सवर तेवढ्यात तो सात ते चौदा पिक्सेल सरकतो. ध्रुव ढगात होता. मग होकायंत्राने उत्तर धरली आणि मोबाईलच्या लेव्हलने साडेअठरा अंशांचा कोन. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दोन सेकंदांसाठी एवढं पुरतं. चाल चंद्राची निवडायची, ताऱ्यांची नाही. ढगांतून तीन फटी मिळाल्या. तिसऱ्या फटीत खालची कड विटेसारखी आणि वरची किंचित राखाडी असा एक फोटो आला, तो मी मोठा छापून घेतला आहे.

लेमन धूमकेतूने मात्र खरी परीक्षा घेतली. जानेवारी २०२५ मध्ये ॲरिझोनातल्या माउंट लेमन सर्वेक्षणात तो सापडला आणि २१ ऑक्टोबरला, आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, पृथ्वीपासून सुमारे ९ कोटी किलोमीटरवर होता. उत्तरेकडच्या देशांत तो संध्याकाळी बराच वर दिसत होता. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर सव्वा तासात तोही मावळायचा. अडचण अशी की अंधुक हवेत ध्रुव दिसेपर्यंत पावणेसात होतात, आणि तोवर धूमकेतू जेमतेम सात-आठ अंशांवर आलेला असतो. अलाइनमेंटला, म्हणजे आस ध्रुवाकडे रोखायला, दहा मिनिटं घालवली तर फोटोला काय उरणार?

म्हणून आदल्या रात्री मावशीच्या स्लॅबवर सावकाश, पूर्ण अंधारात अलाइनमेंट केली आणि तिपाईच्या तिन्ही पायांभोवती गेरूने गोल काढले. वेजचे स्क्रू हलवायचे नाहीत, पायांची लांबी बदलायची नाही. पहिल्या संध्याकाळी ढग. दुसऱ्या संध्याकाळीही. तिसऱ्या दिवशी साडेसहाला पाय गोलांत ठेवले, पोलर स्कोपमधून नुसती नजर टाकली तर ध्रुव वर्तुळाला चिकटून. स्वाती पश्चिमेला दिसत होती, तिच्या आधाराने लेन्स वळवली. पहिल्याच फोटोत हिरवट ठिपका आणि वर तिरकी, फिकट शेपटी. मावशी हातातलं पणतीचं तबक तसंच धरून पडद्यात बघत राहिली. तो हिरवा रंग कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूचा, हे मी तिला नंतर सांगितलं.

६:५० ते ७:०२ मध्ये ३० सेकंदांचे २२ फोटो मिळाले. त्याहून लांब एक्स्पोजर घेतलं नाही, कारण क्षितिजाजवळ वक्रीभवनामुळे तारे यंत्राच्या ठरल्या चालीने उतरत नाहीत. शिवाय धूमकेतू स्वतः ताऱ्यांमधून दिवसाला तीनेक अंश पळत होता. त्या बारा मिनिटांतच तो चौदाएक पिक्सेल सरकला. ताऱ्यांवर धरून फोटो स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचले, तर धूमकेतूचं डोकं पुसट होतं, डोक्यावर धरून केलं तर ताऱ्यांच्या रेघा. मी दोन्ही वेगवेगळे करून जोडले. सिरिल हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्यात हे जमतं, शिकायला दोन रविवार द्या.

पावसाळ्याबद्दल एक सांगायलाच हवं. जून ते ऑगस्ट ट्रॅकर कपाटात होता आणि पोलर स्कोपच्या काचेवर बुरशीचा कोळ्यासारखा डाग आला. आता तो सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात असतो, जेल महिन्याला तव्यावर गरम करते.

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी कुणी लक्सरला जाणार असेल, तर ट्रॅकर जरूर न्या. तिथे खग्रास अवस्था ६ मिनिटांहून जास्त आहे, आणि चंद्रबिंब सूर्यावर असताना हात कॅमेऱ्याला लावावा लागू नये. दिवसा ध्रुव दिसत नाही, त्यामुळे होकायंत्राची रीत इथेच सराव करून ठेवा, तिथला चुंबकीय फरक आधी बघून घ्या, आणि सौरफिल्टर लावून दुपारच्या सूर्यावर तासभर यंत्र चालवून पाहा. मी गेल्या रविवारी पाहिलं. तासाभरात सूर्य चौकटीच्या मध्यापासून बोटभर सरकला होता.