निळी फीत : पुण्यातल्या एका पिच-मेळाव्याचं परीक्षण, स्वखर्चाने

पिच म्हणजे गुंतवणूकदारांसमोर आपला धंदा दोन-तीन मिनिटांत मांडणं. अशा मेळाव्याला माझे पाचपैकी दोन तारे. त्यातला दीड तालीम घेणाऱ्या बाईंना आणि उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला.

मी कोण ते आधी सांगतो. तुमचं गणित वेगळं असेल तर पुढचं वाचू नका. तासगाव तालुक्यात आमची बेदाण्याची शेड आहे. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. शेडमधल्या रॅकला टांगायचा एक डबा मी बनवतो. आत हवेतली ओल मोजणारा सेन्सर आणि एक सिमकार्ड, बाकी फार काही नाही. ओल ठरलेल्या आकड्यावर गेली की शेडवाल्याच्या मोबाईलवर रिंग जाते. मार्चमध्ये रात्री दोनला आभाळ भरून येतं तेव्हा ही रिंग कामाची असते. द्राक्ष लवकर वाळावं म्हणून डिपिंग ऑईलमधून काढून जाळीवर टाकलं की पुढचे पंधरा-एक दिवस जीव टांगणीला असतो. वेळेत प्लास्टिकचा कागद ओढला नाही तर माल काळा पडतो, आणि काळ्या मालाकडे सौद्यात कोण बघतो? गेल्या हंगामात असे चोवीस डबे विकले. शंभर डबे एकदम बनवायला आणि पावसाळ्यात दोन पोरं कामावर ठेवायला मला पंधरा लाख पाहिजे होते. तेवढ्यासाठी पुणे.

मेळाव्याचं नाव लिहीत नाही. नाव महत्त्वाचं नाही, असले मेळावे दर महिन्याला कुठे ना कुठे चालूच असतात. एका जाहिरातीखाली मी नाव, गाव आणि मोबाईल नंबर भरला. दुसऱ्या दिवशी फोन आला, "अभिनंदन सर, ज्युरीने तुमचं स्टार्टअप शॉर्टलिस्ट केलंय." मी काय बनवतो हे त्या फॉर्मात कुठेच विचारलं नव्हतं. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण अभिनंदन म्हटलं की माणूस पाघळतो. १८,००० रुपये फी, जीएसटी धरून २१,२४०. त्यात तीन मिनिटांचं पिच, दोन दिवस एक टेबल, आदल्या दिवशी तालीम, गुंतवणूकदारांशी 'थेट भेट' आणि शेवटी 'इन्व्हेस्टर कनेक्ट रिपोर्ट'. या रिपोर्टचं नंतर सांगतो.

दादांना आकडा सांगितला तर म्हणाले, "तेवढ्यात चार रॅक झालं असतं की रं."

नोंदणीच्या टेबलावर गळ्यात अडकवायच्या कार्डाच्या फिती होत्या. हिरवी स्टार्टअपवाल्यांची, निळी गुंतवणूकदारांची, पिवळी नुसत्या बघ्यांची. माझा नंबर येईपर्यंत हिरव्या संपल्या. टेबलावरच्या मुलीने इकडे तिकडे पाहिलं आणि कार्ड निळ्या फितीत अडकवून दिलं. "चालतं सर, कार्डावर नाव आहेच की." कार्डावर नाव बोटभर आणि फीत हातभर. दोन दिवस लोकांनी फीतच वाचली.

आता तालमीबद्दल, कारण पैसे वसूल झाले ते एवढ्यातच. पंचावन्नच्या आसपासच्या बाई होत्या, पूर्वी बँकेत उद्योगांची कर्जं बघायच्या. माझ्या चौदा स्लाइड होत्या. तिसरीवर भारतातल्या एकूण शेतीचा बाजार, लाख कोटींत, मोठा गोल काढून. इंटरनेटवर सगळे असाच गोल काढायला सांगतात. बाई बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिल्या.

"यात तुमचे किती?"

"चोवीस डबे."

"किती लोकांनी घेतले?"

"अकरा."

"पुन्हा कोणी मागितला?"

"सात जणांनी."

"हे सात कुठल्या स्लाइडवर आहेत?"

कुठल्याच नव्हते. बाई म्हणाल्या, "मग एवढा बाजार कशाला उचलून आणलात पुण्यापर्यंत?" चौदाच्या सहा स्लाइड झाल्या. पहिलीवर शेडचा फोटो आला, डावीकडच्या रॅकवर हिरवा माल आणि उजवीकडे पाऊस लागलेला काळा. खाली एक ओळ, 'मधला फरक : रात्रीचे दोन तास.' दुसरीवर अकरा आणि सात. मग मोबाईलवर घड्याळ लावून त्यांनी मला चार वेळा उभं केलं. आयोजकांचे आभार, गावाचं नाव, आईवडिलांचे आशीर्वाद यातच माझी चाळीस सेकंदं जात होती. "आशीर्वाद घरी घेऊन या," म्हणाल्या. फक्त या दीड तासाची वेगळी फी ठेवली असती तर मी आनंदाने पाच हजार मोजले असते.

मंचावरचं थोडक्यात. तीन परीक्षक होते. पहिल्याने विचारलं, यात एआय आहे का. मी म्हटलं नाही, ओल वाढली की फोन वाजतो. त्याने कागदावर काहीतरी खोडलं. माझ्यानंतर डब्याच्या जेवणाचं ॲप घेऊन एक जण आला. तीन मिनिटांत तो अकरा वेळा एआय म्हणाला, मी मोजले. दुसरा परीक्षक तरुण होता. त्याने विचारलं, "सर, तुमचा मोट काय आहे?"

माझ्या डोळ्यांसमोर आमच्या विहिरीवरची मोट आली. आजोबांच्या वेळची, चामड्याची. मी मनापासून उत्तर दिलं, "मोट आता नाही, सगळं ठिबकवर आहे."

हॉल हसला. दोन दिवसांत एवढ्या टाळ्या दुसऱ्या कुठल्या उत्तराला पडल्या नाहीत. खाली उतरल्यावर कोणीतरी सांगितलं की मोट म्हणजे किल्ल्याभोवतीचा खंदक. उद्या मोठी कंपनी हाच डबा करून विकायला लागली तर ती तुमच्या गिऱ्हाइकापर्यंत का पोचणार नाही, असा तो प्रश्न. मग सरळ खंदक म्हणा की! किल्ले काय आम्ही पाहिलेले नाहीत? खरं उत्तर मला परतीच्या वाटेवर कराडला चहा पिताना सुचलं. डबा वरच्या रॅकला टांगला तर खालच्या जाळीवरची ओल कळत नाही आणि दाराजवळ टांगला तर रात्रभर उगाच वाजत राहतो. हे कळायला मला दोन हंगाम आणि स्वतःचा पाऊणएक टन माल घालवावा लागला. तो माझा खंदक. पण बस कराडला होती आणि परीक्षक बाणेरला.

मुख्य भाषण आयडियाफोर्जवर होतं. पवईच्या आयआयटीतून निघालेल्या पोरांनी २००७ साली ड्रोनची कंपनी काढली, २०२३ साली ती शेअर बाजारात आली, ६७२ रुपयांच्या शेअरला शंभरपटीहून जास्त मागणी आली आणि पहिल्याच दिवशी भाव जवळपास दुप्पट झाला. गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. वक्ता मात्र पहिल्या दिवशीच थांबला. त्यानंतर तो शेअर विक्रीच्या वेळच्या ६७२ रुपयांच्याही खाली आला, हे त्याने सांगितलं नाही. २००७ आणि २०२३ यांच्यामध्ये सोळा वर्षं आहेत, त्यांनाही त्याने एक स्लाइड दिली नाही. मला ती सोळा वर्षं ऐकायची होती.

आता निळ्या फितीची गंमत. निळीवाल्यांना वेगळी खोली होती, सोफे आणि कॉफीचं मशीन असलेली. दारावरच्या माणसाने माझी फीत बघून दार उघडलं. मी आत गेलो. खोटं कशाला बोलू, कॉफी चांगली होती आणि खुर्च्या मऊ. दुसऱ्या दिवशीचं जेवणही मी तिथेच केलं. बाहेर हिरवीवाल्यांना पुलाव होता, आत मटण. अर्धा तारा त्याचाच.

लिफ्टमध्ये एका मुलाने मला गाठलं. "सर, दोन मिनिटं." मी म्हटलं, अरे मीही तुझ्यासारखाच आहे, हिरवी संपली म्हणून ही दिली. त्याने फितीकडे पाहिलं, हसला आणि तळमजला येईपर्यंत त्याचं पिच पूर्ण केलं. मोठी माणसं साधेपणाने बोलतात असं त्याला वाटलं असणार. संध्याकाळपर्यंत खिशात नऊ कार्डं जमली. माझ्या टेबलावर डबा मांडलेला होता. तिथे उभा असलो की कोणी वळून बघत नव्हतं, आणि चहाला गेलो की मागे रांग.

मग मी आतल्या निळीवाल्यांशी बोलायला लागलो. एक ऑफिसचं फर्निचर विकणारा, प्रायोजक म्हणून आलेला. एक सीए. दोन जण कर्ज देणाऱ्या कंपनीचे. एक निवृत्त साहेब, भाच्याच्या कंपनीत दोन लाख घातलेले, 'बघू काय चाललंय' म्हणून आलेले. एक जण पिच डेक, म्हणजे पिचच्या स्लाइड, बनवून देणारा, पंचवीस हजारांत. त्याच्या शेजारच्या टेबलावर डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याची, स्टार्टअप मान्यता ९,९९९ रुपयांत काढून मिळत होती. ही मान्यता सरकारी पोर्टलवर फुकट मिळते. मी घरी बसून काढली आहे.

खरी गुंतवणूकदार मला एकच भेटली, मुंबईच्या एका फंडातल्या बाई. माझं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ बोलल्या. आमचा चेक दोन-तीन कोटींच्या खाली निघतच नाही, म्हणाल्या. बहुतेक पैसे बुडणार हे धरूनच आम्ही वीस ठिकाणी टाकतो, त्यातल्या एक-दोघांनी सगळ्यांचं भरून काढलं पाहिजे. तुमचा धंदा तासगाव, पंढरपूर, नाशिकमध्ये छान चालेल, तुम्ही सुखाने जगाल, पण तो पन्नासपट होणार नाही. म्हणजे तो वाईट आहे असं नाही, आमच्या कामाचा नाही एवढंच. या दहा मिनिटांत मला जेवढं कळलं तेवढं वर्षभराच्या व्हिडिओंत कळलं नव्हतं. बाईंनी इन्क्युबेटरकडे, म्हणजे नव्या धंद्याला सुरुवातीला हात देणाऱ्या संस्थेकडे, जायला सांगितलं.

तेच आता करतोय. केंद्राची सीड फंड योजना २०२१ मध्ये चार वर्षांसाठी आली, एकूण ९४५ कोटींची. निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत नमुना बनवायला आणि चाचणीला २० लाखांपर्यंत अनुदानाची सोय तिच्यात होती. अर्जाला फी नव्हती. पुण्यात एनसीएल या सरकारी प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर किंवा पवईच्या आयआयटीतलं साइन असल्या इन्क्युबेटरमध्ये निदान तुम्ही काय बनवता ते आधी विचारतात. अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर २००५ पासून चालू आहे. तिथे निवड झाली तर तेच कंपनीत पाच लाख डॉलर घालतात, त्यातले सव्वा लाख सात टक्के हिश्श्याच्या बदल्यात. म्हणजे तिथे पैसा त्यांच्याकडून तुमच्याकडे येतो. माझे २१,२४० उलट्या दिशेने गेले. हॉलमध्ये हिरव्या फिती दीडशेच्या पुढे होत्या, गुणाकार तुम्ही करा.

दर दुसरा माणूस 'शार्क टँकला जा' म्हणत होता, टीव्हीवर गुंतवणूकदारांसमोर पिच करतात तो कार्यक्रम. मालेगावकडचे जुगाडू कमलेश पहिल्या हंगामात फवारणीची सायकल घेऊन गेले आणि घराघरांत पोचले. पण त्यांचा सौदा किती जणांना आठवतो? ४० टक्के हिस्सा देऊन १० लाख, आणि २० लाख बिनव्याजी कर्ज. मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित घेतला असता, कदाचित नसता. द्राक्षवाल्यांना दुसरं उदाहरण जवळचं आहे, नाशिककडच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स, शेतकऱ्यांची कंपनी. २०२२ मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथे ३१० कोटी घातले. तोवर त्यांचा माल कित्येक वर्षं परदेशात जात होता. हे मेळाव्यात कोणी काढलं नाही. तीन मिनिटांत बसत नसेल.

कोणी जावं? ज्याला चारचौघांत उभं राहून बोलायचा सराव नाही त्याने, आणि तेही तालीम त्याच बाई घेणार असतील तर. आधी फोन करून विचारा. पिच नंतर कधीही करता येईल. टेबल घेऊ नका. पुलाव कोरडा असतो.

आता तो रिपोर्ट. तो तीन आठवड्यांत येणार होता, सात आठवड्यांनी आला, तोही मी पाच फोन केल्यावर. चाळीस गुंतवणूकदारांची नावं, गावं आणि नंबर, पीडीएफमध्ये. फर्निचरवाला सहाव्या क्रमांकावर. निवृत्त साहेब अकराव्या. सतराव्या क्रमांकावर माझं नाव, माझा मोबाईल नंबर, पुढे 'एंजल, कृषी क्षेत्र', म्हणजे स्वतःच्या खिशातून नव्या धंद्यात पैसे घालणारा. मी आयोजकांना दुरुस्ती करायला सांगितली. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, रिपोर्ट सगळ्यांना गेला आता." शिवाय पुढच्या मेळाव्यात मला वीस टक्के सवलत आहे.

निळी फीत दादांनी शेडच्या किल्लीला बांधली आहे. परवा सोलापूरहून एका मुलाचा फोन आला. डाळिंब वाळवायचं यंत्र केलंय म्हणाला, दोन मिनिटं द्याल का. मी जाळी धूत होतो. हात पुसले आणि म्हटलं, बोल. तो आईवडिलांच्या आशीर्वादापासून सुरू झाला. मी त्याला थांबवलं आणि विचारलं, यंत्र किती जणांनी घेतलं?

"तीन."

"आणि पुन्हा कोणी मागितलं?"