दोन लेन्सचा डॅशकॅम: आठ महिन्यांचा वापर आणि एक अपघात

हा डॅशकॅम मी घेतला तो दुसऱ्यांच्या चुका पकडायला. एक लेन्स रस्त्याकडे, दुसरी गाडीच्या आत. औषध कंपनीच्या कामामुळे माझा दिवस गाडीतच जातो, आणि पुरावा नसताना भांडणं किती जड जातं हे मी दोनदा सोसलंय.

दिवसा चित्र उत्तम. रात्री मात्र हेडलाइटच्या झोतात नंबर प्लेट पांढरीफटक दिसते, आकडे वाचता येत नाहीत. तीन-तीन मिनिटांच्या फाइली होतात, कार्ड भरलं की सगळ्यांत जुनी आपोआप पुसली जाते. धक्का बसला की सेन्सर ती फाइल लॉक करतो. पण हा सेन्सर खड्ड्यालाही धक्का समजतो आणि लॉक झालेल्या फाइलींनीच कार्ड भरतं, म्हणून सेटिंग कमीवर आणलं. साधं मेमरी कार्ड चार महिन्यांत गेलं. सतत रेकॉर्डिंगसाठीचं हाय एन्ड्युरन्स कार्डच घ्या.

अपघात पाचव्या महिन्यात झाला. शेजारच्या लेनमधली गाडी इंडिकेटर न देता पुढे घुसली आणि मी तिला मागून ठोकलं. कुणाला लागलं नाही. चूक त्याचीच, हे मी शपथेवर सांगितलं असतं. रात्री फाइल लावली. बाहेरच्या लेन्समध्ये तो घुसताना स्वच्छ दिसतो. आतल्या लेन्समध्ये मी दिसते: मान खाली, होल्डरमधल्या फोनवर बोट, ऑफिसचा मेसेज वर सरकवतेय. पूर्ण दोन सेकंद. कोपऱ्यात वेग छापलेला, ताशी ५० किलोमीटर. म्हणजे जवळजवळ २८ मीटर मी रस्ता न बघता गेले.

फाइल पुसून टाकावी असं वाटलं. वकील मैत्रिणीने अडवलं. दावा होणार हे माहीत असताना पुरावा नष्ट केला, तर न्यायालय त्याचा अर्थ आपल्याविरुद्ध लावू शकतं. शिवाय मेसेज कधी उघडला याची नोंद फोनमध्ये असते, आणि बऱ्याच नव्या गाड्या धडकेआधीच्या काही सेकंदांतला वेग आणि ब्रेक साठवून ठेवतात. विमा कंपनीच्या सर्व्हेअरनेही मूळ फाइलच मागितली, कापलेली तुकडा-क्लिप नको म्हणाला.

शेवटी दोष वाटला गेला. त्याचा जास्त, पण माझाही. माझ्या वाट्याएवढी भरपाई कापली गेली, नो-क्लेम बोनस गेला, नूतनीकरणाला हप्ता वाढला. फोन हातात नव्हता, होल्डरमध्ये होता, हा बचाव टिकला नाही, कारण प्रश्न नजर कुठे होती याचा होता. हँड्सफ्रीवर बोलण्यानेही धोका टळत नाही, हे १९९७ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासातच दिसलं होतं. कुणी जखमी झालं असतं, तर विम्यावर भागलं नसतं, फौजदारी खटला उभा राहिला असता. कामावर असताना झालेल्या अपघाताची भरपाई कंपनीवरही येऊ शकते, हे मी साहेबांना लेखी कळवलं. आता मी गाडीत असते त्या वेळात ऑफिसमधून कोणी मेसेज करत नाही.

फोन हल्ली ग्लोव्ह बॉक्समध्ये, ड्रायव्हिंग मोडवर असतो. कॅमेऱ्याचं आवाज-रेकॉर्डिंग बंद ठेवलंय, कारण सोबत बसणाऱ्याला न सांगता त्याचं बोलणं टिपणं मला पटत नाही.

पाचपैकी चार तारे. एक रात्रीच्या नंबर प्लेटसाठी कापला. आतल्या लेन्सवर सरकवायची छोटी झडप दिली आहे, ती मी उघडीच ठेवते.