मुंबई, पुणे की नागपूर: पगारापेक्षा हातात उरतं किती ते बघा

सध्या ओळखीतल्या बऱ्याच जणांपुढे हाच प्रश्न आहे, एक ऑफर मुंबईची, एक पुण्याची आणि एक नागपूरची मिहानमधली (विमानतळाजवळचा आयटी-उद्योगांचा पट्टा), जरा कमी पगाराची, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला की तिकडे भाडं किती आहे. भाडं बघायलाच पाहिजे पण नुसत्या भाड्यावर ठरवू नका, कारण प्रत्येक शहरात एक खर्च असा असतो की तो कितीही काटकसर केली तरी गळ्यात पडतोच. मुंबईत तो घराचा आणि वेळेचा, पुण्यात गाडीचा, नागपुरात पगारातल्या कपातीचा.

हिशोबाला सोपं जावं म्हणून एक घर धरू. नवरा-बायको, शाळेत जाणारं एक मूल, घरात महिन्याला ८० हजार येतात. भाड्याचे आकडे अंदाजी आहेत, बिल्डिंग नवी-जुनी, स्टेशनपासून लांब-जवळ यावर चार-पाच हजार इकडेतिकडे होतातच.

मुंबईपासून सुरुवात करू. अंधेरीत साधा वन बीएचके घ्यायचा तर ३५ ते ४५ हजार, म्हणजे निम्मा पगार तिथेच संपला, ठाण्यात २२ ते ३०, आणि मग माणूस सरकत सरकत डोंबिवली-कल्याणला येतो जिथे १२ ते १६ हजारात बरं घर मिळतं. लोकलचा सेकंड क्लासचा पास महिन्याला पाचशेच्या आत बसतो, एवढ्या अंतराचा रोजचा प्रवास एवढ्या पैशात पुण्यात नाही आणि नागपुरातही नाही. कागदावर डोंबिवली एकदम स्वस्त दिसते. पण एका बाजूने दीड तास धरा, दोन्ही टोकांना शेअर रिक्षा धरा, आणि घरी पोचायला साडेआठ वाजणार हे धरा. दोघंही नोकरी करत असतील तर पाळणाघराचे तास वाढतात आणि तिथे पैसे तासांवर असतात. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या पोळी-भाजी केंद्रावर जी गर्दी दिसते ना, ती हौस म्हणून नसते, घरी जाऊन पोळ्या लाटायचं त्राणच उरलेलं नसतं म्हणून लोक रोज दहा-बारा पोळ्या आणि एक भाजी बांधून नेतात. भाड्यात वाचलेल्या पैशातला बराचसा हिस्सा असा वेळ विकत घेण्यात जातो, आणि हा खर्च कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात नसतो. गर्दी सहन होत नाही म्हणून एसी लोकल किंवा फर्स्ट क्लासचा पास काढला तर तो सेकंड क्लासच्या कितीतरी पट होतो हेही लक्षात ठेवा.

एकटे असाल, शेअरिंगमध्ये राहायची तयारी असेल, तर मात्र मी डोळे झाकून मुंबई सांगेन. गाडी लागत नाही, रात्री उशिरापर्यंत वाहन मिळतं, आणि एक नोकरी सुटली तर दुसरी शोधायला शहर सोडावं लागत नाही.

आता पुणे. पुणे स्वस्त आहे हा समज आता सोडून द्या, निदान आयटीवाल्यांनी तरी. वाकड-हिंजवडी पट्ट्यात किंवा कोथरूडला टू बीएचके २५ ते ३५ हजार, म्हणजे ठाण्याच्या वन बीएचकेच्या जवळच, फक्त खोली एक जास्त मिळते. आणि दुचाकीशिवाय पुण्यात भागत नाही. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर होतात, २२ दिवसांचे ८८० किलोमीटर, गाडी ४५ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर वीस लिटर पेट्रोल, म्हणजे दोन हजार एका माणसाचे, त्यात सर्व्हिसिंग, टायर, इन्शुरन्स वेगळं, आणि दोघांच्या दोन गाड्या. सिटी बसने, म्हणजे पीएमपीएमएलने, जायचं म्हटलं तर जून २०२५ पासून मासिक पास ९०० वरून १५०० रुपये झालाय. मेट्रो चांगली आहे, वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट या दोन लाइनवर तुमचं घर आणि ऑफिस दोन्ही येत असेल तर नशीबवान आहात, भाडंही परवडतं, पण बहुतेकांचं एकच टोक लाइनवर असतं.

दुसरं म्हणजे पाणी. बाणेर, वाघोली, हिंजवडीकडच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर चालतात आणि उन्हाळ्यात तो खर्च मेंटेनन्सवर येतो. घर बघायला जाल तेव्हा वॉचमनला विचारा रोज टँकर किती येतात, ब्रोकर ते सांगणार नाही. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वर द्यायचा हेही आधीच बोलून घ्या.

नागपूरला मनीषनगर, बेसा, त्रिमूर्तीनगर भागात टू बीएचके १२ ते १८ हजारात मिळतो, ऑफिस मिहानला असेल तर रोजचं अंतर आटोक्यात राहतं, मेट्रो खापरीपर्यंत आहे. कामवाली, दूध, भाजी सगळ्यातच थोडं थोडं वाचतं. उन्हाळा मात्र विसरू नका, पारा ४५ च्या वर जातो. पण हवा कोरडी असल्याने तिथे कूलर चालतो जो मुंबईत निरुपयोगी आहे, आणि कूलरला दोनशेच्या आसपास वॅट लागतात तिथे दीड टनाचा एसी दीड हजारापर्यंत खातो. हा फरक बिलात जास्तच दिसतो, कारण महावितरणचा दर स्लॅबप्रमाणे चढतो, १०० युनिटनंतर वेगळा, ३०० नंतर आणखी वेगळा. एप्रिलआधी कूलरमधल्या खसच्या (वाळ्याच्या) टट्ट्या किंवा वूड वूल (लाकडाचं गवत) बदलून घेतलं तर एका खोलीच्या कूलरवर मे महिना निघतो.

मग नागपूरला किती कमी पगार चालेल? वरच्याच आकड्यांनी बघा. पुण्यात भाडं-मेंटेनन्स २९ हजार आणि पेट्रोल चार हजार, नागपुरात १५ आणि दोन. फरक १६ हजारांचा. म्हणजे पुण्यात ८० हजार आणि नागपुरात ६४-६५ मिळत असतील तर हातात जवळपास सारखंच उरतं. त्याच्याखाली ऑफर असेल तर घासाघीस करा. आणि दोघांपैकी एकाचीच नोकरी नागपुरात असेल, दुसऱ्याची सुटणार असेल, तर हा हिशोब संपलाच, त्याच क्षेत्रातली दुसरी नोकरी तिथे पटकन मिळत नाही.

शिफ्टिंगच्या वेळचे पैसे वेगळे ठेवा. डिपॉझिट, ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो. अ‍ॅग्रीमेंटच्या नावाखाली कोणी भरमसाट मागितले तर हिशोब विचारा, लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे भाडेकराराची, स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का असते, २५ हजार भाड्याच्या अकरा महिन्यांना ती सातशेच्या आसपास येते आणि शहरात नोंदणीचे १००० रुपये, बाकी एजंटची फी. प्रोफेशनल टॅक्स तिन्हीकडे सारखाच, वर्षाला २५००.

गावचा खर्चही धरा. अकोला-यवतमाळकडचे पुण्यात राहत असाल तर दिवाळीला ट्रॅव्हल्सचं तिकीट काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा सरकारी नियम २०१८ चा आहे, पाळला किती जातो ते सणाला दिसतं. आई-वडिलांना ७५ पूर्ण असतील तर त्यांना एसटी मोफत आहे, बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट, त्यामुळे त्यांचं येणं-जाणं स्वस्त पडतं. आई-वडिलांचा मोठा उपचार चालू असेल तर मुंबईत टाटा आणि केईएम आहे, नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) आणि आता एम्सही.

आणि हो, एचआरला एक गोष्ट आवर्जून विचारा, ऑफिसला आठवड्यातून किती दिवस यायचंय. तीन दिवस घरून काम मिळालं तर डोंबिवलीचं घर तिन्हींत सगळ्यात फायद्याचं ठरू शकतं, पाळणाघराचे तास वाचतात आणि कोथरूडकराचं पेट्रोलही निम्म्याखाली येतं. पण ते तोंडी नको, ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, मगच डिपॉझिट भरा.