विली ॲपलगार्थची कारकीर्द अभ्यासायची तर ऑलिम्पीडिया किती उपयोगी?

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमधला हा ब्रिटिश धावपटू समजून घ्यायला ऑलिम्पीडिया ही ऑलिम्पिक निकालांची मोफत वेबसाइट उत्तम आहे, पण वापरण्याचा क्रम चुकला तर निम्मी गोष्ट हातातून निसटते.

आडनावाने शोधा आणि निकालांच्या तक्त्यावर थांबू नका. तक्त्यात दोन पदकं दिसतात: ४×१०० मीटर रिलेचं सुवर्ण, २०० मीटरचं कांस्य. स्पर्धेच्या नावावर क्लिक करून फेऱ्या उघडा, खरा ऐवज तिथे आहे. रिलेच्या उपांत्य फेरीत अमेरिकेचा संघ ब्रिटनच्या पुढे होता, पण बॅटनची अदलाबदल ठरलेल्या पट्ट्याबाहेर झाल्याने बाद झाला. अंतिम फेरीत जर्मनीही तशीच बाद. ब्रिटनची वेळ ४२.४ सेकंद. म्हणजे हे सुवर्ण वेगाइतकंच अचूक अदलाबदलीचं होतं, आणि माझ्या मते त्याचं मोल त्यामुळे वाढतंच.

मोठी उणीव अशी की तक्ता ऑलिम्पिकपुरताच आहे. १९१४ मध्ये ॲपलगार्थने वळणाच्या ट्रॅकवर २२० यार्ड २१.२ सेकंदांत पार केले. त्याच्या कारकिर्दीचं हे शिखर तक्त्यात सापडणार नाही. पुढे तो व्यावसायिक झाला, आणि तेव्हा ऑलिम्पिक फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने ते दारच बंद झालं.

आकडे ताडताना जपा. २२० यार्ड म्हणजे २०१.१७ मीटर. शिवाय तेव्हाच्या वेळा हाताने चालवलेल्या घड्याळाच्या. आजच्या इलेक्ट्रॉनिक वेळांशेजारी त्या थेट मांडल्या तर तुलना फसते. मजकूर फक्त इंग्रजीत आहे, मात्र तक्ते कुणालाही कळतील.