एक किलोवॅटचं सोलर बोट किट: हळू जाणाऱ्यांसाठी मस्त, पण बॅटरीचा मीटर बदलून घ्या

साडेपाच मीटरच्या फायबरच्या बोटीवर हे किट बसवून आता भरपूर वापरून झालंय, कडक ऊन बघितलं, मळभ बघितलं, समोरून येणारा वारा पण बघितला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. किटमध्ये एक किलोवॅटची इलेक्ट्रिक आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ती) आहे, 24 व्होल्ट 100 अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, 200 वॅटचे दोन काचेचे पॅनल आणि एक एमपीपीटी चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा डबा. पॅनल छतावर आडवे बसतात, बॅटरी मधल्या बाकाखाली. मला हे किट आवडलंय आणि ते बोटीवरून उतरवायचा अजिबात विचार नाहीये, पण ज्यांना पाण्यावर सुसाट जायचंय त्यांच्यासाठी हे नाही, आणि ते का नाही हे नीट कळलं की मग कुठलंही सोलर किट बघताना फसायला होत नाही.

बोट जोपर्यंत पाणी कापत चालते, म्हणजे स्पीडबोटसारखी पाण्यावर उचलली जात नाही, तोपर्यंत वेग दुप्पट करायचा तर पॉवर साधारण आठपट लागते. आता माझ्या बोटीवरचे आकडे सांगतो. थ्रॉटल पूर्ण दाबला की मोटर 1000 वॅट खाते आणि बोट ताशी 8 किलोमीटरच्या आसपास जाते. तीच मोटर 250 वॅटवर आणली की वेग ताशी 5 किलोमीटर, म्हणजे पॉवर पाव केली आणि वेग मात्र निम्म्याहून जास्तच राहिला. बॅटरीत एकूण 2.5 युनिटच्या वर वीज मावते, त्यातली पाचव्या हिश्शाएवढी राखीव सोडली तर फुल थ्रॉटलला दोन तास, 16 किलोमीटर, आणि बॅटरी संपली. 250 वॅटवर आठ तास, 40 किलोमीटर. बॅटरी तीच, मोटर तीच, फक्त हात आवरला. म्हणूनच जाहिरातीत नुसती रेंज लिहिलेली असेल आणि कुठल्या वेगाला ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काडीचाही अर्थ नाही.

आणि खरी गंमत पुढे आहे. दुपारी स्वच्छ ऊन असताना हे दोन पॅनल मिळून 280 ते 300 वॅट देतात. म्हणजे 250 वॅटवर चालवताना बॅटरी उतरतच नाही, बोट निव्वळ उन्हावर चाललेली असते आणि वर थोडी वीज बॅटरीत पण जात असते. कंट्रोलरच्या ॲपमध्ये येणारे वॅट आणि मोटरच्या डिस्प्लेवर जाणारे वॅट असे दोन्ही आकडे समोर ठेवून थ्रॉटल जुळवत बसायचं, ते एकदा जमलं की काय भारी वाटतं ते सांगता येत नाही! आवाज म्हणाल तर पाणी कापल्याचा तेवढा येतो, मोटरचा बारीकसा गुणगुण. पेट्रोलचा वास नाही, तेलाचा तवंग नाही, पक्षी बोटीच्या किती जवळ बसून राहतात ते बघाच.

400 वॅटचे पॅनल असून 300 च का, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यात कंपनीची लबाडी नाहीये. पॅनलवर लिहिलेले वॅट हे लॅबमधले असतात, चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि सेलचं तापमान 25 अंश असं धरून. बोटीवर भर उन्हात सेल 60 अंशापर्यंत सहज तापतो आणि दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते, म्हणजे दहा-बारा टक्के तिथेच गेले. त्यात पॅनल आडवे, सकाळ-संध्याकाळ ऊन तिरकं येतं, वर धूळ आणि पक्ष्यांची घाण. स्वच्छ दिवसाला मिळून सव्वा युनिटच्या आसपास वीज धरा, म्हणजे जवळपास अर्धी बॅटरी. मळभ असलं तर त्याच्या चौथाई मिळाली तरी खूश व्हायचं.

आता पेट्रोलशी तुलना करून बघा. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट ऊर्जा असते, म्हणजे माझ्या आख्ख्या बॅटरीत पाव लिटरपेक्षा थोड्याच जास्त पेट्रोलएवढी ऊर्जा आहे. छोटं पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं आणि इलेक्ट्रिक मोटर तशी घालवत नाही म्हणून हा खेळ जमतो, पण जमतो तो हळू जाण्यातच. मोठ्या सोलर बोटींचं पण हेच आहे. 2010 ते 2012 मध्ये मोनॅकोहून निघून जगाची फेरी मारून परत आलेली प्लॅनेटसोलर ही सोलर बोट आठवत असेल, 31 मीटर लांब, वर 537 चौरस मीटर पॅनल, पोटात 8.5 टन लिथियम बॅटऱ्या, आणि एवढं सगळं असून सरासरी वेग 5 नॉटच्या, म्हणजे ताशी 9 किलोमीटरच्या आसपास. केरळात वैकमला 2017 पासून चालणारी आदित्य ही 75 प्रवाशांची फेरीबोट पण बघा, तीसुद्धा दोन बारीक तळांची आहे, ठरलेलं अंतर, ठरलेला वेग, धक्क्याला लागली की थोडा आराम. सोलरला असं काम फार मानवतं, कारण किती वीज लागणार हे आधीच माहीत असतं. बोटीचा तळ अरुंद आणि हलका असला की निम्मं काम तिथेच होतं, रुंद जड बोटीवर कितीही पॅनल लावा, त्रासच होणार.

आता किटमधलं काय आवडलं नाही ते.

सगळ्यात मोठी तक्रार बॅटरीच्या मीटरची. सोबत आलेला डिस्प्ले व्होल्टेज बघून टक्के दाखवतो. शिसे-ॲसिड बॅटरीला हे चालतं कारण ती उतरत जाते तसं व्होल्टेज पण हळूहळू पडत जातं. लिथियम फॉस्फेटचं तसं नाही, व्होल्टेज मधल्या सगळ्या टप्प्यात जवळपास सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे डिस्प्ले बराच वेळ 70 टक्के, 70 टक्के म्हणत बसतो, मग बघता बघता 20 वर येतो, आणि त्यानंतर बॅटरीच्या आतलं बीएमएस, म्हणजे तिची राखण करणारं सर्किट, सेल वाचवायला सरळ लाइन तोडतं. शिसे-ॲसिडवर मोटर मंद होत होत सूचना देते, इथे मोटर एका क्षणात बंद. पाण्यात वारा असताना हे होणं म्हणजे चेष्टा नाही. उपाय साधा आहे, शंट (करंट मोजायची छोटी पट्टी) लावलेला मीटर घ्या, तो निगेटिव्ह वायरमधून किती अँपिअर गेले आणि किती आले याचा हिशोब ठेवतो आणि टक्के खरे दाखवतो. मी तो वेगळा घेऊन लावला, पण हा किटमध्येच असायला हवा होता, आणि वल्हं तर बोटीत कायम ठेवाच.

दुसरं, बॅटरीच्या प्लस टर्मिनलपाशी फ्यूज दिलाच नव्हता. 24 व्होल्टवर 1000 वॅट म्हणजे 40 अँपिअरच्या वर करंट, आणि कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर लिथियम बॅटरी त्याच्या कितीतरी पट करंट ओकू शकते. फायबरच्या बोटीत आग लागली तर पळायला जागा नसते हो. बॅटरीपासून जेवढा जवळ बसेल तेवढा जवळ डीसीचा फ्यूज टाका, घरातला एसीचा ब्रेकर लावून काम भागवू नका. वायर पण कलई केलेल्या तांब्याची घ्या, खाऱ्या हवेत साधी वायर आतून हिरवी पडत जाते.

तिसरी गोष्ट सावलीची, आणि ही जरा जवळून बघण्यासारखी आहे. हे दोन्ही पॅनल 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी असतात तसले, एकेकाचं काम करतानाचं व्होल्टेज 20 च्या आसपास. 24 व्होल्टची बॅटरी चार्ज करायला त्याहून जास्त व्होल्टेज हवं म्हणून दोन्ही सिरीजमध्ये जोडलेत. आता छताच्या कोपऱ्यात झेंड्याचा दांडा आहे, बोट वळली की त्याची बोटभर सावली एका पॅनलच्या कडेवर आडवी पडते आणि सेलच्या सगळ्या ओळी एकदम पकडते. ॲपमध्ये बघत असाल तर 290 चा आकडा धाडकन पन्नास-साठवर येतो. कारण सिरीजमध्ये एका सेलची करंट अडली की सगळ्यांची अडते, बायपास डायोडने (सावलीतल्या सेलना वगळून करंटला वाट देणारा भाग) तो पॅनल बाजूला काढला तर उरलेल्या एकट्या पॅनलच्या 20 व्होल्टवर 24 व्होल्टची बॅटरी चार्ज होतच नाही. कंट्रोलर बिचारा करणार काय! त्यापेक्षा 35-40 व्होल्टचे पॅनल पॅरलल जोडले असते तर एकावर सावली आली तरी दुसरा आपलं काम करत राहिला असता. मी दांडा काढून मागच्या बाजूला लावला आणि फरक त्याच दिवशी दिसला, तरी पॅनल बदलायचेत हे डोक्यात आहेच.

पॅनलबद्दल अजून एक, ओळखीच्या एकाने वजन वाचवायला वाकणारे पातळ पॅनल थेट डेकवर चिकटवले होते. वजन खरंच कमी, काचेच्या 200 वॅटच्या पॅनलला 10-11 किलो आणि याला त्याच्या निम्मं पण नाही. पण खाली हवा खेळत नाही, तापतात जास्त, वर पाय पडतो, सेलला बारीक चिरा जातात, आणि त्याचे पॅनल दुसऱ्या सीझनलाच मलूल झाले. छत असेल तर काचेचेच घ्या, खाली बोटभर फट ठेवून बसवा.

बॅटरीला मात्र पूर्ण मार्क. 20-22 किलोत एवढी वीज, हीच वापरता येणारी वीज शिसे-ॲसिडमधून घ्यायची तर शंभर किलोच्या पुढे वजन जातं कारण ती निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. लिथियम फॉस्फेट हजारो सायकल चालते. फक्त गोठवणाऱ्या थंडीत, शून्याच्या खाली, तिला चार्जिंगला लावायचं नाही.

मोटरचा पंखा मोठा आणि हळू फिरणारा आहे, कमी वेगाला तो चांगला ढकलतो. समोरून जोराचा वारा असला की 250 वॅटचं गणित मोडतं, 500-600 द्यावेच लागतात, म्हणून जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं आणि येताना वारा पाठीवर घ्यायचा, बॅटरी उतरलेली असताना घरी येणं सोपं पडतं.

ज्यांची बोट आठवड्यातून एखादा दिवस निघते त्यांना तर मी डोळे झाकून घ्या म्हणेन, कारण बाकीचे दिवस बोट नुसती बांधलेली असताना पॅनल चार्ज करत राहतात, तुम्ही येता तेव्हा बॅटरी भरलेली, प्लग शोधत फिरायला नको. रोज सकाळ-संध्याकाळ लांबच्या फेऱ्या मारणाऱ्यांना 400 वॅट पुरणार नाहीत, त्यांनी 48 व्होल्टचं मोठं सेटअप बघावं, तेवढ्याच पॉवरला करंट निम्मी लागते आणि त्याच वायरमधला लॉस चौथाईवर येतो, पॅनल बसवायला जागा कमी पडत असेल तर रात्री धक्क्यावर चार्जर लावायची सोय आधी बघून ठेवावी. आणि विक्रेत्याकडे गेलात की आधी विचारा, 250 वॅटला वेग किती आणि फुलला किती, तुमच्यासारख्याच लांबीच्या बोटीवर मोजलेला.