गार्बेट पॉईंट व्हाया भिवपुरी रोड – पाचपैकी चार

माथेरान म्हणजे टॅक्सीने दस्तुरीपर्यंत (गाड्या थांबतात तो नाका) जायचं, घोडा करायचा आणि चिक्की घेऊन घरी यायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तरी हा रस्ता करावा. लोकलच्या तिकिटात होणारा ट्रेक आहे, कुठल्या ग्रुपला पैसे भरून बसमध्ये अंताक्षरी ऐकत जायची काही गरज नाही. कर्जत नाहीतर खोपोली लोकल पकडायची, कर्जतच्या अलीकडे भिवपुरी रोडला उतरायचं (पुणेकरांनी कर्जतला उतरून मुंबईच्या दिशेने एक स्टेशन जायचं), समोर माथेरानचा डोंगर दिसतोच, त्याच्या दिशेने पाली भुतवली धरण, मग वर सागाची वाडी ही वस्ती, मग पठार आणि शेवटी माथेरानचा गार्बेट पॉईंट.

धरणापर्यंतचं चालणं बोअर आहे, सरळ सांगतो. खरा ट्रेक त्याच्यापुढे. पावसाळ्यात चढावर ओढेच ओढे, काही ठिकाणी वाटच ओढा झालेली असते, झाडीतून आवाज येत राहतो आणि वळण घेतलं की अचानक समोर पाणी. फार मोठे धबधबे नाहीत, डोक्यावर पाणी घेत बसावं एवढेच, पण मला तेच आवडतात. स्टेशनच्या जवळ जे फेमस धबधबे आहेत तिथे वीकेंडला स्पीकर, मॅगी आणि प्लास्टिकचा कचरा, तिकडे वळूच नका. धरणाच्या पाण्यात तर अजिबात उतरू नका, वरून कितीही शांत दिसत असलं तरी. आणि हो, जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर बऱ्याचदा बंदीचे आदेश निघतात, निघायच्या आधी चेक करा नाहीतर पोलीस खालूनच परत पाठवतात.

सोपा ट्रेक म्हणून सगळीकडे लिहिलेलं असतं ते पटलं नाही. कठीण नाही, दोरबीर काही लागत नाही, पण माथेरान 800 मीटरच्या आसपास आणि आपण सुरुवात करतो पार खालून रेल्वे लाईनपासून, म्हणजे जवळजवळ सगळी उंची पायानेच चढायची, त्यात दमट हवा. रोज जिने चढणाऱ्या माणसाला जमेल, पण एरवी लिफ्ट वापरणारे पठाराच्या आधीच फतकल मारून बसतात.

पण पठार! त्यासाठी चार स्टार. कड्यावर उभं राहिलं की खाली उल्हास नदीचं खोरं, भातखाचरं, मुंगीएवढी लोकल, आणि हवा साफ असेल तर पलीकडे भीमाशंकरकडची रांग. भर पावसात मात्र यातलं काहीच न दिसण्याची तयारी ठेवा, ढग एकदा बसले की समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून माझ्या मते सप्टेंबरचा शेवट बेस्ट, पाणी अजून वाहत असतं, ढग फुटतात आणि पठारावर सोनकीची पिवळी फुलं फुललेली असतात. दिवाळीनंतर व्ह्यू झकास पण ओढे आटतात, मग धबधब्याची हौस सोडा.

एक स्टार कापला तो वाटेमुळे. खुणा नावाला, आणि पठारावर ढोरवाटा इतक्या की धुक्यात कुठली आपली ते कळत नाही. पहिल्यांदा जात असाल तर सागाच्या वाडीतून कोणाला तरी सोबत घ्या, जे ठरेल ते पैसे नीट द्या. जेवणाचंही आधी सांगितलं तर घरगुती भाकरी-पिठलं मिळू शकतं, आयत्या वेळी जाऊन हक्काने मागू नका.

वर झाडीत शिरून काळा कातळ संपला आणि लाल माती लागली की माथेरान आलंच. हा शेवटचा टप्पा जांभूळ-हिरड्याच्या जंगलातून जातो, नशीब असेल तर शेकरू दिसतं आणि नशीब नसलं तरी माकडं भेटतातच, तेव्हा खाणं बॅगेतच ठेवा.

आल्या वाटेने उतरू नका, ओल्या कातळावर चढण्यापेक्षा उतरताना जास्त घसरायला होतं. दस्तुरीकडे चालत जा किंवा माथेरानहून दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपर्यंत मिनी ट्रेनची शटल घ्या, पावसाळ्यात नेरळची मिनी ट्रेन बंद असते पण ही शटल चालू असते, पुढे शेअर टॅक्सीने नेरळ. रविवारी संध्याकाळची लोकल कर्जतवरूनच भरून येते, त्यामुळे बसायला मिळेल ही आशा ठेवू नका.